फेंक आणि झेल

गेल्या उन्हाळ्यांत आम्हां उभयतांस चिरंजीवांकडे अमेरिकेंत तीन महिने राहण्याचा योग आला. तेथील धबधबे, उंच इमारती आणि रुंद रस्ते यांचीं वर्णनें वाचकांनीं आजवर इतकीं वाचलीं आहेत कीं, त्यांत आणखी एकाची भर घालण्याचें कारण नाहीं. आज सांगावयाचें आहे तें निराळेंच. आमची नात तेथील एका महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षास आहे. ती कॉलेजच्या ‘चीअरलीडिंग’च्या संघांत असल्याचें आम्हांस दूरध्वनीवरून कळलें होतें, परंतु त्याचा अर्थ आम्हीं आपल्या समजुतीप्रमाणें लावला होता. 2008 सालीं आपल्याकडे आयपीएलचे क्रिकेटचे सामने सुरू झाले, तेव्हां चौकार-षटकारागणिक मैदानाच्या कडेस नाचणाऱ्या परदेशी तरुणी आपण सर्वांनीं टेलिव्हिजनवर पाहिल्या. त्यांच्या पोषाखावरून त्या वर्षीं महाराष्ट्रांत बराच गदारोळही झाला. आपली नात असेंच कांहीं करीत असावी असें समजून आम्ही तो विषय घरांत फारसा काढीत नसूं.

एके सायंकाळीं तीच म्हणाली, ‘‘आजोबा, आज तुम्ही आणि आजी माझ्या सरावाला चला. मी काय करतें तें एकदां डोळ्यांनीं पाहा, मग काय बोलायचं तें बोला.’’ आम्ही गेलों, आणि पहिल्या पांच मिनिटांतच आमच्या सौभाग्यवतींनीं आमचा दंड इतका घट्ट धरला कीं, त्याचे वळ रात्रीपर्यंत राहिले.

एका प्रशस्त व्यायामशाळेंत जाड गाद्यांचे पट्टे अंथरले होते. आमच्या नातीच्या मागें एक सहा फुटी तरुण येऊन उभा राहिला. त्यानें दोन्ही हात तिच्या कमरेला लावले. तिनें त्याचीं मनगटें धरलीं. ‘एक, दोन’ असे अंक कोणीं तरी मोजले, दोघांचे गुडघे किंचित् वांकले आणि पुढच्याच क्षणीं आमची नात त्याच्या हातांतून सुटून उभीच्या उभी वर गेली! ती हवेंत असतांनाच त्याचे हात तिच्या कमरेवरून तिच्या पावलांखालीं आले. त्या दोन तळहातांवर, त्याच्या खांद्यांच्या उंचीवर, तिनें ताठ उभें राहावयाचें होतें. परंतु डावें पाऊल हातावर पडलें, उजवें निसटलें आणि ती पुढें कलंडली. तरुणानें तिची कंबर पुन्हां पकडली, कडेला उभी असलेली तिसरी मुलगी झेंप घालून आली, तिनें हिचे खांदे आणि मान सांवरली, आणि नात आपल्या पायांवर जमिनीस टेकली. ‘‘अग बाई!’’ एवढेच शब्द सौभाग्यवतींच्या तोंडून निघाले. नात मात्र केस सारखे करीत हंसत होती.

आम्हीं सारें आयुष्य शाळेंत पदार्थविज्ञान शिकविण्यांत घालविलें. त्यामुळें आमच्या मनांत पहिला विचार आला तो असा कीं, पोरगा दांडगा दिसतो खरा, पण त्याचा जोर कमी पडला. त्या तरुणासही तसेंच वाटलें असावें. ‘‘आणखी जोरानें फेंकूं का?’’ असें त्यानें विचारलें. त्यांच्या प्रशिक्षिका पन्नाशीच्या एक शांत बाई होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘नको. जोर जास्त झाला म्हणूनच ती पडली. आज फेंकणें पुरे.’’ हें उत्तर ऐकून आमच्यांतील जुना शिक्षक जागा झाला. पुढील पंधरा दिवस आम्ही रोज त्या व्यायामशाळेच्या बांकावर जाऊन बसूं लागलों. त्या पंधरा दिवसांत जें पाहिलें आणि समजून घेतलें, तें येथें क्रमानें मांडीत आहों. परदेशीं राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांतील मुली या खेळांत आहेत, त्यांच्या वडीलधाऱ्यांस त्याचा कांहीं उपयोग व्हावा, हा हेतु.

प्रथम या खेळाचें थोडें पूर्ववृत्त. त्याचा उगम केवळ ओरडण्यांत आहे. 1898 सालच्या नोव्हेंबरच्या 2 तारखेस मिनेसोटा विद्यापीठांतील जॉनी कॅम्बेल नांवाचा विद्यार्थी फुटबॉलच्या सामन्यांत प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्यानें त्यांच्याकडून एका सुरांत घोषणा म्हणवून घेतल्या. तोच पहिला चीअरलीडर मानला जातो. पुढें पंचवीस वर्षें हें काम पुरुषांचेंच होतें. मिनेसोटांतच 1923 सालीं स्त्रियांचा त्यांत प्रवेश झाला. 1953 सालीं अमेरिकेचे अध्यक्ष झालेले आयझेनहॉवर हेही वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत असतांना, गुडघा दुखावून फुटबॉल सुटल्यावर, चीअरलीडर झाले होते. दुसऱ्या महायुद्धांत तरुण आघाडीवर गेले आणि त्यांच्या जागा मुलींनीं भरून काढल्या. 1948 सालीं लॉरेन्स हर्किमर यांनीं टेक्सासमध्यें या विद्येचें शिबिर भरविलें, तेव्हां त्यास 52 मुली आल्या आणि मुलगा एकच. नंतरच्या काळांत घोषणांना कोलांट्या, मानवी मनोरे आणि फेंकझेल यांची जोड मिळत गेली, आणि दुसऱ्यांच्या सामन्याची शोभा वाढविणारें हें पथक स्वतःचेच सामने भरवूं लागलें. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें या खेळास 2016 सालीं तात्पुरती व 2021 सालीं पूर्ण मान्यता दिली आहे.

या खेळांतील जो भाग आम्हीं पाहिला त्यास तिकडे ‘पार्टनर स्टंट’ म्हणतात. म्हणजे जोडीनें करावयाचें धाडस. खालच्या गड्यास ‘बेस’, वर जाणारीस ‘फ्लायर’ आणि राखण करणारीस ‘स्पॉटर’ अशीं नांवें आहेत. आपण त्यांस फेंकणारा, उडणारी आणि राखणारी म्हणूं. कमरेला धरून वर फेंकावयाचें व पावलांशीं झेलावयाचें, या क्रियेस ‘टॉस’ म्हणतात. पाहणाऱ्यास ती हातांची करामत वाटते. आमच्या पंधरा दिवसांच्या अभ्यासाचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर, ती हातांची नसून पायांची आहे. आपल्या तालमींत जोर आणि बैठका असे दोन व्यायाम जोडीनें सांगितलेले असतात. टॉस हा त्यांपैकीं जोराचा नव्हे, बैठकेचा खेळ आहे.

आमच्या सौभाग्यवतींना हें आमच्या आधीं समजलें. त्यांचें बालपण कोंकणांत विहिरीचें पाणी भरण्यांत गेलें आहे. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, भरलेली घागर डोक्यावर घेतांना काय करतों? हातांनीं उचलायला गेलं तर मनगट तुटेल. घागर अंगाशीं घ्यायची, गुडघ्यांत जरा वांकायचं आणि उठतां उठतां ती वर जाऊं द्यायची. हात नुसते वाट दाखवतात.’’ प्रशिक्षिकाबाईंस हें इंग्रजींत सांगितलें, तेव्हां त्यांनीं आपल्या सर्व विद्यार्थ्यांस जवळ बोलावून घागरीची गोष्ट पुन्हां सांगावयास लावली!

आतां याचें गणित पाहूं. उडणारीचें वजन 50 किलो धरा. फेंकणाऱ्याचे हात पूर्ण वर जाऊन तिची कंबर सुटते, त्यानंतर पावलें त्याच्या खांद्याच्या उंचीस येण्यासाठीं तिला आणखी सुमारें अर्धा मीटर आपोआप वर जावें लागतें. त्याकरितां सुटतांना तिचा वेग सेकंदास सुमारें 3.1 मीटर असला पाहिजे. हा वेग तिला किती अंतराच्या रेट्यांत द्यावयाचा, यावर सारें अवलंबून आहे. हातांच्याच बळावर, छातीपासून वर, 60 सेंटिमीटरांच्या रेट्यांत तो द्यावयाचा म्हटला तर सरासरी 92 किलो वजन उचलण्याइतकें बळ लावावें लागतें. तोच रेटा गुडघ्यांच्या वांकण्यापासून सुरू होऊन टांचा उचलून हात ताठ होईपर्यंत अखंड 120 सेंटिमीटर चालला, तर सुमारें 71 किलोंचें बळ पुरतें. मुलगी तीच, उंची तीच. परंतु रेट्याचा मार्ग दुप्पट लांब केल्याबरोबर एकवीस किलोंचा भार कमी झाला. जो गडी गुडघे सोडून हातांनीं फेंकतो तो उगीचच हा जादा भार अंगावर घेतो, आणि थकलेले हात मग झेलण्याच्या वेळीं कमी पडतात.

यांत उडणारीचाही वांटा मोठा असतो. ज्या मुलीला जागच्या जागीं 30 सेंटिमीटर उंच उडी मारतां येते, तिचे पाय जमिनीवरून सुटतांना तिचा वेग सेकंदास सुमारें 2.4 मीटर असतो. म्हणजे लागणाऱ्या वेगांतील मोठा भाग तिनें स्वतःच आणलेला असतो; फेंकणाऱ्यानें तो राखावयाचा आणि वर थोडी भर घालावयाची. उलट ‘मला फेंकतील तेव्हां जाईन’ असें म्हणून ती स्वस्थ राहिली, तर तिचें ओझें होतें. पोत्याला दोन हमाल लागतात. आपल्या पायांनीं उडणारीला एक गडी पुरतो.

आमच्या नातीच्या जोडीचें काय चुकत होतें, हें बाईंनीं दुसऱ्या दिवशीं त्यांस दाखविलें. फेंकीचें चित्रण भ्रमणध्वनीवर घेऊन तें अगदीं संथ गतीनें चालविलें. त्यांत चार दोष स्पष्ट दिसले.

पहिला दोष फेंकणाऱ्याचा. खालीं वांकल्यावर तो क्षणभर थांबत होता. वाचकांनीं घरींच करून पाहावें. गुडघे वांकवून लागलीच उडी मारा. आणि मग गुडघे वांकवून दोन सेकंद थांबून उडी मारा. दुसरी उडी कमी उंच जाते. ताणलेल्या स्नायूंत रबराप्रमाणें जी ओढ साठते ती थांबल्यानें वायां जाते. म्हणून वांकणें आंखूड असावें, चपळ असावें आणि त्यास तळाशीं मुक्काम नसावा. पुष्कळ नवशिके अधिक बळ मिळेल या आशेनें खोल बसतात. त्यानें छाती पुढें झुकते, मुलगी अंगापासून दूर जाते आणि चपळाईही हरपते.

दुसरा दोषही त्याचाच. तो कोपरें आधीं वांकवीत होता. पायांचा रेटा मध्यावर येण्यापूर्वींच हात ओढूं लागले कीं, पायांचें बळ हातांत शिरत नाहीं. क्रम असा पाहिजे: आधीं पाय, मग खांदे, मग हात आणि अगदीं शेवटीं मनगटांचा झटका. चाबकाचें टोक शेवटीं वाजतें, तसाच हा प्रकार आहे. हात वर जावयाचे ते त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याजवळून, सरळ रेषेंत. तो अर्धें पाऊल जरी मागें उभा राहिला, तरी हात कमानीसारखे पुढें जातात आणि मुलगीही पुढें फेंकली जाते. आमची नात पुढें कलंडण्याचें अर्धें कारण हेंच होतें.

राहिलेलें अर्धें कारण तिच्याकडे होतें, आणि तोच तिसरा दोष. आपण कोठें उतरणार हें पाहण्यासाठीं ती मान खालीं घालीत होती. मान वांकली कीं खांदे पुढें येतात, कंबर मागें राहते आणि सरळ जाणारा बाण मध्येंच मोडतो. उडणारीची दृष्टि समोरच्या भिंतीवर, स्वतःच्या डोळ्यांहून थोडी वर असावी. पोट व मांड्या आवळलेल्या, पाय कमरेच्या थेट खालीं. पाय मागें फेंकूं नयेत, गुडघे जवळ घेऊं नयेत. फेंकणाऱ्याच्या मनगटांस खालीं दाबून तिनें स्वतःला वर रेटावयाचें असतें. पायऱ्या चढतांना आपण कठड्यावर हात दाबतों, तसेंच. ही मनगटें तिनें फार लवकर सोडलीं तर तिचा आधार जातो. फार वेळ धरलीं तर त्याचे हात अडकतात व पावलांशीं वेळेवर पोंचत नाहींत.

चौथा दोष दोघांचा मिळून होता. तो अंक मोजत होता मनांत, आणि ही मोजत होती श्वासावर. हात सुटल्यापासून ती सर्वांत उंच जाईपर्यंतचा काळ सेकंदाचा एक तृतीयांशही नसतो. तेवढ्यांत त्याचे हात कमरेपासून सुमारें एक मीटर खालीं, तिच्या तळव्यांशीं आले पाहिजेत. अशा कामांत दोन निरनिराळीं घड्याळें चालत नाहींत. बाईंनीं त्यांस मोठ्यानें, एका आवाजांत अंक म्हणावयास लावले. जात्यावर समोरासमोर बसून दळणाऱ्या दोघी जशा एका ओवीवर खुंटा ओढीत, तसें त्या अंकांवर त्यांचे गुडघे वांकूं लागले.

दोष कळले म्हणजे दूर झाले असें नव्हे. तीन दिवस बाईंनीं त्यांस हात सोडूंच दिला नाहीं. फक्त वांकावयाचें, उडावयाचें, त्यानें कंबर धरूनच तिला वर न्यावयाची आणि तेथून सावकाश परत जमिनीवर ठेवावयाची. दिवसांतून वीस वेळां हेंच. तो एकटा असतांना वजनदार चेंडू छातीजवळून सरळ वर फेंकून झेलीत असे. तो चेंडू डोक्यावरच परत आला तर रेषा सरळ, पुढें पडला तर चूक. सांगावयास दुसरें कोणी नको. ती भिंतीला पाठ लावून उड्या मारी. भिंतीचा स्पर्श सुटला कीं अंग झुकलें हें तिचें तिलाच कळे. चौथ्या दिवशीं हात सोडून थोडेंसें वर फेंकणें आणि पुन्हां कमरेशींच झेलणें, एवढीच परवानगी मिळाली. पावलांशीं झेलण्याची पाळी दहाव्या दिवशीं आली.

झेलण्याचेंही एक शास्त्र आहे. नवखा गडी मुलगी खालीं येण्याची वाट पाहतो. तोंपर्यंत तिचा वेग वाढलेला असतो आणि तिचें वजन हातांवर आदळतें. जाणता गडी हात वरच ठेवतो. तिचें वर जाणें संपून खालीं येणें अजून सुरू व्हावयाचें असतें, त्या संधीस तो तिचीं पावलें पकडतो. त्या वेळीं तिचा वेग जवळजवळ शून्य असतो. टांच आणि तळव्याची कमान यांच्याखालीं हात घट्ट बसले कीं, गुडघे किंचित् नमवून तो भार आपल्या पायांत उतरवून घेतो आणि हात खांद्यांशीं आणतो. म्हणजे आरंभ पायांत, आणि शेवटही पायांत. उडणारीनें या वेळीं तोल सांवरण्याची खटपट करूं नये, हें ऐकून आम्हांस नवल वाटलें. तोल खालच्यानें सांभाळावयाचा. वरचीनें खांबासारखें ताठ राहावयाचें. दोघांनींही एकाच वेळीं तोल सांवरूं पाहिला, तर एकाची दुरुस्ती दुसऱ्यास चूक होऊन बसते.

येथें एका नाजूक गोष्टीचा उल्लेख टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. परक्या तरुणाचे हात आपल्या नातीच्या कमरेला लागलेले पाहून आम्हां उभयतांच्या मनास पहिल्या दिवशीं बरें वाटलें नाहीं. सौभाग्यवतींनीं तें घरीं बोलूनही दाखविलें. सूनबाई एवढेंच म्हणाल्या, ‘‘आई, तुम्ही आणखी चार दिवस पाहा.’’ चार दिवसांनीं तो विचार आमच्या मनांतून आपोआप गेला. अंगठे पाठीकडे, बोटें पुढें, दोन्ही हात एकाच उंचीवर. एक हात बोटभर खालीं राहिला तरी ती हवेंत फिरेल, याची काळजी तो तरुण घेत होता. नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या हाताला जसा दुसरा अर्थ नसतो, तसाच तो हात होता. शिवाय त्यानें हात नीट लावला आहे कीं नाहीं हें विचारण्याचा आणि ‘आज नको’ म्हणण्याचा हक्क तिला होता. तो तिनें एकदां आमच्यादेखत बजावला, आणि त्यानें किंवा बाईंनीं कारणही विचारलें नाहीं.

भीतीची गोष्ट मात्र निराळी. ती निराधार नव्हती. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत क्रीडेंतील अत्यंत गंभीर दुखापतींची नोंद ठेवणारें एक केंद्र आहे. 1982 पासून 2009 पर्यंत तेथें झालेल्या नोंदी पाहिल्या तर, विद्यालयीन मुलींच्या अशा दुखापतींपैकीं निम्म्याहून अधिक एकट्या चीअरलीडिंगमधील आहेत. डोकें आणि मान यांवर पडणें हें त्यांतील सर्वांत मोठें भय. तिघाचौघांनीं हातांची जाळी करून मुलीला फार उंच उडविण्याचा ‘बास्केट टॉस’ नांवाचा प्रकार यांत विशेष धोक्याचा ठरला. कठीण लाकडी जमिनीवर तो करण्यास तिकडील विद्यालयीन व महाविद्यालयीन नियमांनीं मनाई केली आहे. 2012 सालीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें अशी शिफारस केली कीं, चीअरलीडिंगला खेळ म्हणून मान्यता द्यावी, म्हणजे इतर खेळांप्रमाणें शिकलेले प्रशिक्षक, वैद्यकीय तपासणी आणि सरावाची योग्य जागा या मुलींना मिळेल. 2010 सालीं कनेक्टिकटमधील एका खटल्यांत तेथील न्यायालयानें स्त्री-पुरुष समानतेच्या कायद्यापुरता हा खेळ गणण्यास नकार दिला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे या शिफारशीचें महत्त्व कळेल. ज्यास खेळ म्हणावयाचें नाहीं, त्याच्या गाद्यांवर पैसा कोण खर्च करणार?

या बाबतींत आपणही दूरचे प्रेक्षक नाहीं. मल्लखांबाची विद्या दुसऱ्या बाजीरावांच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं पुन्हां ऊर्जितास आणली. तींत खांबावर चढण्याबरोबर खांबावरून उतरणेंही शिकवितात. उलट दहीहंडीच्या थरांत वर्षानुवर्षें माणसें पडत राहिलीं, तेव्हां 2014 सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयास वीस फुटांची मर्यादा आणि अठरा वर्षांखालील मुलांस मनाई असा निर्बंध घालावा लागला. 2017 सालीं उंचीची ती मर्यादा उठली व चौदा वर्षांखालील मुलांस बंदी राहिली. थर किती उंच गेला हें आपण मोजतों. खालीं झेलावयास कोण होतें, हें क्वचितच विचारतों.

आमच्या नातीच्या व्यायामशाळेंत हा प्रश्न रोज विचारला जाई. राखणारी मुलगी जागेवर उभी राहून ‘तयार’ म्हणेपर्यंत अंक मोजण्यास सुरुवातच होत नसे. तिनें एकच गोष्ट करावयाची: उडणारीच्या डोक्याकडे, मानेकडे आणि खांद्यांकडे पाहत राहावयाचें. पाय घसरला तर घसरूं द्यावा, हात मोडला तर जोडतां येतो. डोकें मात्र जमिनीला लागतां कामा नये. उडणारीलाही पडावयास वेगळें शिकवितात. भीतीनें हातपाय पसरूं नयेत, सांपडेल त्याला मिठी मारूं नये, अंग आवळून झेलणाऱ्यांच्या हवालीं करावें. उतरण्याच्या एका रीतीस तर ‘क्रेडल’ म्हणजे पाळणाच म्हणतात. एक हात पाठीखालीं, एक मांड्यांखालीं, आणि मध्यें मुलगी. या पाळण्याचा सराव फेंकीच्या आधीं होतो. आधीं झेल, मग फेंक. आधीं कंबर, मग खांदा. मग हात ताठ करून डोक्यावर. आणि सर्वांच्या शेवटीं एका पावलावर. खालची पायरी थकलेल्या अंगानेंही बिनचूक झाल्यावांचून वरची नाहीं.

बाराव्या दिवशींची एक गोष्ट आमच्या ध्यानांत राहिली आहे. सराव संपत आला होता, फेंकी चांगल्या होत होत्या आणि दोघांनाही हुरूप चढला होता. ‘‘आणखी एकच,’’ नात म्हणाली. त्या एकींत तिचा गुडघा हवेंत वांकला. त्यानें झेललें खरें, पण एका हाताला दुसऱ्याहून उशीर झाला. बाईंनीं टाळी वाजवून काम थांबविलें. त्या रागावल्या नाहींत. ‘‘शेवटची एक कधींही मागूं नका,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ती मागतें तें मन असतें, आणि पडतें तें शरीर.’’ नात डोळ्यांत पाणी आणून घरीं आली. तिला त्याच आठवड्यांत वरच्या पायरीवर जावयाचें होतें. तें पुढें ढकललें गेलें. आमच्या चिरंजीवांस बाईंचा थोडा रागही आला. आम्हांस मात्र त्या रात्रीं प्रथम शांत झोंप लागली.

ज्यांच्या मुली किंवा नाती या खेळांत आहेत, त्यांनीं दोन टोकांस जाऊं नये असें आम्हांस वाटतें. ‘असले धंदे नकोत’ म्हणून मनाई करणें हें एक टोक. टाळ्या वाजवून उंचीचें कौतुक करणें हें दुसरें. त्याऐवजीं सरावाच्या जागीं एकदां जाऊन बसावें आणि कांहीं गोष्टी पाहाव्या. गाद्या आहेत काय? शिकविणाऱ्यास या कामाचें प्रशिक्षण आहे काय? फेंकण्यापूर्वीं झेलणें शिकविलें काय? राखणारी जागेवर आहे काय, आणि ती दुसरीकडे बघत तर नाहीं ना? मुलगी ‘आज नको’ म्हणाली तर तें ऐकलें जातें काय? दुखत असतांना, डोक्यास मार लागला असतांना तिला घरीं पाठवितात कीं उभी करतात? हीं उत्तरें नीट मिळालीं तर निर्धास्तपणें परवानगी द्यावी. न मिळालीं, तर संघ कितीही नांवाजलेला असो, मुलीला तेथून काढावें.

आम्हीं निघण्याच्या आदल्या दिवशीं पुन्हां सरावास गेलों. राखणारी ‘तयार’ म्हणाली. अंक दोघांच्याही तोंडून एकदम निघाले. गुडघे वांकले आणि लागलीच उठले. या वेळीं कांहींच जोरानें झालें असें वाटलें नाहीं. नात सरळ वर गेली, समोर पाहत राहिली आणि त्याच्या हातांत अशी उभी राहिली कीं, जणूं काय फळीवर पाऊल ठेविलें. सौभाग्यवतींनीं आमचा दंड धरलाच होता. पण या खेपेस वळ उठले नाहींत.

आतां आम्ही पुण्यास परत आलों आहों. दर रविवारीं नातीचा फोन येतो, आणि ती मोठ्या उत्साहानें सांगते, ‘‘आजी, आज डोक्यावर हात ताठ करून गेलें!’’ आजी कौतुक करतातच; पण त्याआधीं त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘‘राखायला कोण होतं ग?’’ आणि नात त्या मुलीचें नांव सांगेपर्यंत त्या पुढें बोलत नाहींत.